अंगठ्याखालची काडी

सासऱ्याने जावयाशी काय बोलायचं असतं, हे धर्मराज घरतांना कधी कळलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात उभी हयात गेली. पुस्तकाबद्दल कुणी विचारलं तर ते तासभर बोलतील, पण समोर माणूस नुसता बसलेला असला की त्यांना पायाखालच्या फरशीकडे बघावंसं वाटे. जावई कल्पेशही तसाच. उरणजवळच्या करंजाचा कोळी, स्वतःची लहान होडी, समुद्रावर म्हणे खड्या आवाजात ओरडायचा. पनवेलला सासुरवाडीला आला की मात्र चहाचा कप दोन्ही हातांत धरून पंख्याकडे बघत बसायचा. वडाळे तलावाजवळच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दोघं असे तासन्‌तास एकमेकांची कंपनी सोसत.

यावर तोडगा कल्पेशनेच काढला. कुठल्याशा मित्राकडून तो टीव्हीला जोडायचा जुना खेळ घेऊन आला आणि सोबत दोन कंट्रोलर. सासूबाई, शोभाताई, त्यांना रिमोट म्हणत. त्या खेळात एक निळी होडी होती, बेटं होती, दीपगृह होतं आणि एक लाकडी धक्का. होडी बेटांमधून न्यायची आणि धक्क्याला आणून लावायची. बस, एवढंच.

"या वयात हे कुठे?" धर्मराज म्हणाले होते.

"अंगठ्याला व्यायाम होतो, मामा," कल्पेश म्हणाला. सबंध दिवसातलं त्याचं ते सर्वांत लांब वाक्य असावं.

आणि खरंच, त्यांना ते आवडलं. कुठलीही गोष्ट आवडली की ते तिच्याबद्दल वाचत, तसं याबद्दलही त्यांनी वाचलं. दोन्ही कंट्रोलर एका जातीचे नव्हते. एकात अंगठ्याने फिरवायच्या दोन काड्या खाली, एका रांगेत, शेजारीशेजारी होत्या. दुसऱ्यात डावी काडी वर आणि उजवी खाली. धर्मराजांना हा दुसरा बरा वाटे. डावा अंगठा सहज पसरला की तो काडीवरच पडायचा, सांधा दुखायचा नाही. कल्पेशला तोच चमत्कारिक वाटे.

"एक वल्हं वर नि एक खाली असं असतं का कधी?" तो म्हणे. "दोन्ही एका रांगेत पाहिजेत."

"वल्ह्याला अंगठा लावत नाहीत, कल्पेशराव."

यावर दोघंही हसले होते आणि स्वयंपाकघरातून मुलीने, कोमलने, डोकावून बघितलं होतं की नक्की काय झालं.

दुसरा फरक मोठा होता. कल्पेशच्या होडीला चाक नाही, सुकाणूचा दांडा आहे. दांडा डावीकडे ढकलला की होडीचं तोंड उजवीकडे वळतं. लहानपणापासून हाताला तेच वळण. त्यामुळे खेळातही काडी डावीकडे केली की होडी उजवीकडे गेली पाहिजे, तरच त्याला सुधरत असे. खेळात तशी सोय होती. "दिशा उलट" असं लिहिलेल्या चौकटीत खूण करायची. कल्पेशची पाळी आली की खूण करायची, धर्मराजांची आली की काढायची. धर्मराजांनी एकदा त्याच्यासारखं खेळून पाहिलं, तर होडी थेट खडकावर. पुन्हा ते त्या वाटेला गेले नाहीत.

पाळी संपली की कल्पेश तोंडाने सांगत नसे. काडी आत दाबली की टक असा आवाज येतो. तो ती दोनदा दाबायचा. टक टक. म्हणजे, मामा, आता तुम्ही. आणि खेळ बंद करण्याआधी होडी धक्क्याला लावल्याशिवाय तो उठत नसे, मग पानं वाढलेली असोत की काही असो. समुद्रात सोडून यायची नसते, म्हणे.

पौषात खाडीवर धुकं उतरलं. कोमलला सातवा महिना, म्हणून ती पनवेलला आलेली. कल्पेशसोबत नेहमी होडीवर जाणारा त्याचा चुलतभाऊ प्रितेश तापाने पडला होता. जाळी तेवढी बघून येतो, असं आईला सांगून कल्पेश पहाटे एकटाच गेला. संध्याकाळी आला नाही. रात्री आला नाही. फोन आधी वाजत होता, मग तेही बंद झालं.

दुसऱ्या दिवशी करंजाच्या आणि मोरा बंदराच्या होड्या शोधायला गेल्या आणि एकमेकींना हाका मारत परत आल्या. हातभर पुढचं दिसत नव्हतं. कल्पेशची आई, कृष्णाबाई, फोनवर रडत नव्हत्या. त्या फक्त म्हणाल्या, "पोरीला सांभाला, व्याही. आमी हाव हितं बसून धक्क्यावर. वारा नाय, लाट नाय, मंग जाईल कुटं माजा पोर?"

शोभाताई देवापाशी बसल्या. मध्येच उठून आल्या आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, समुद्रावरच्या माणसाला मुलगी नको. तुम्ही म्हणालात, मुलगा सरळ आहे."

"सरळच आहे," धर्मराज म्हणाले. होकार त्यांनीच दिला होता. मुलगी बापाच्या एका शब्दावर त्या घरी गेली होती, आणि आता तिच्या चेहऱ्याकडे बघायची त्यांना हिंमत होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोमल बाहेरच्या खोलीत कल्पेशचा कंट्रोलर मांडीवर घेऊन बसलेली दिसली. खेळ बंदच होता. ती नुसती त्याच्या रबरावरून बोट फिरवत होती.

"बाबा, हे आपोआप हलतंय."

त्यांनी बघितलं. डावी काडी एका बाजूला जराशी कलली होती. त्यांनी वाचलेलं होतं. काड्या झिजल्या की आतला भाग मध्य विसरतो आणि कुणी हात लावला नाही तरी खेळातली वस्तू एका बाजूला सरकत राहते. मात्र काडी स्वतः डोळ्यांना कललेली दिसते, असं कुठे वाचल्याचं त्यांना आठवेना. पण त्यांना आठवत नाही अशा गोष्टी बऱ्याच असत.

"झिजली असेल. होतं असं."

"दुरुस्त करून आणाल? तो आला की लगेच मागेल."

धर्मराजांना ते ऐकवेना. घरात बसून निरुपयोगी असण्यापेक्षा हे बरं, असं वाटून ते पायात चपला सरकवून निघाले. जावई समुद्रात हरवलाय आणि आपण खेळणं दुरुस्त करायला चाललोय, ही लाज उरण नाक्यापर्यंत त्यांच्यासोबत चालत आली.

तिथल्या एका गाळ्यात कुमार नावाचा पोरगेला गृहस्थ मोबाइल आणि असल्या वस्तू दुरुस्त करायचा. त्याने कंट्रोलर संगणकाला जोडला. पडद्यावर एक वर्तुळ आणि त्यात ठिपका आला. काडी मोकळी असली की ठिपका मध्यभागी हवा.

ठिपका मध्यभागी नव्हता. तो हळूच डावीकडे गेला, थांबला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे.

"काका, ड्रिफ्ट एका साइडला असतो," कुमार म्हणाला. "हा डोलतोय."

त्याने स्क्रू काढले, आत फवारा मारला, पुसलं. ठिपका डोलतच राहिला. मग त्याने काडीचा सगळा भागच काढून टाकला आणि पुडीतून नवा काढून बसवला. वरचं जुनं रबर तेवढं पुन्हा लावलं. पडद्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

"काय झालं?" धर्मराजांनी विचारलं.

"नवा पार्ट आहे, काका. तुमच्यासमोर फोडला ना?" त्याने आपला अंगठा चोळला, नाकाशी नेला. "आणि हे ओलं कसं होतंय? आत्ताच पुसलं मी. मासळीच्या गाडीत ठेवला होता का?"

"नाही. घरातच असतो."

कुमारने झाकण लावलं, कंट्रोलर कागदात गुंडाळला आणि त्यांच्या हातात दिला. "मला नाही जमणार. दुसरीकडे दाखवा." तो हसून म्हणाला खरं, पण पुढचं गिऱ्हाईक घेण्याआधी त्याने हात साबणाने धुतले.

दुपारी कोमलने टीव्ही लावला. दुरुस्त झाला का बघू, म्हणाली. धर्मराजांनी तिला काही सांगितलं नव्हतं. खेळ सुरू झाला. जिथे थांबवला होता तिथूनच तो सुरू होत असे, म्हणजे निळी होडी धक्क्याला लावलेली दिसायला हवी होती.

धक्का नव्हता. पडदा पांढरा होता.

"टीव्ही बिघडला वाटतं," शोभाताई दारातून म्हणाल्या.

मग त्या पांढऱ्यातून निळं काहीतरी दिसलं. होडी होती. पाण्यावर हळूहळू गोल फिरत होती. या खेळात धुकं कधीच नव्हतं. तो नेहमी उन्हातला खेळ होता.

"बाबा," कोमल म्हणाली, "आपण शेवटी खेळलो तेव्हा त्याने होडी लावली होती ना?"

"लावली होती."

त्यांनी कल्पेशचा कंट्रोलर हातात घेतला. अंगठा काडीवर ठेवला. आणि दचकून उचलला.

पुन्हा ठेवला.

काडी त्यांच्या अंगठ्याला खालून ढकलत होती. जोरात नव्हे. दमलेला माणूस झोपेत दांडा धरून असावा, हात सुटू नये एवढाच धरावा, तशी. रबर ओलं आणि कोमट होतं. होडी फिरता फिरता जिकडे पाण्याचा रंग गडद होत होता तिकडे, बाहेरच्या बाजूला, चालली होती. उजवीकडे धुक्यात मधूनच एक पिवळा ठिपका चमके. ते दीपगृह.

आपण काय करतोय हे धर्मराजांनी स्वतःला विचारलं नाही. त्यांनी काडी उजवीकडे दाबली.

होडी डावीकडे गेली.

त्यांनी आणखी जोर लावला. डावीकडे खडक दिसू लागले, काळे, ओले.

"उलटं!" कोमल ओरडली. "त्याचं उलटं असतं, बाबा! उलटं ढकला, त्याच्यासारखं!"

त्यांना ते कळत होतं. हाताला कळत नव्हतं. त्यांनी डावीकडे केलं, होडी उजवीकडे वळू लागली, तोच सवयीने अंगठा पुन्हा उजवीकडे गेला. खडक जवळ आले. अंगठ्याखालची काडी आता थरथरत होती, त्यांच्याशी झगडत होती की त्यांना काही सांगत होती कोण जाणे. आपल्या हाताची खात्री नाही, हे त्यांना आयुष्यभर माहीत होतं.

त्यांनी खेळ थांबवला.

"काय करताय?"

"थांब. थांब जरा."

त्यांनी ती चौकट उघडली. "दिशा उलट." खूण होती. त्यांनी खूण काढून टाकली, नेहमी आपल्या पाळीला काढत तशी.

खेळ पुन्हा सुरू झाला. काडी एकदम सैल पडली, कुणीतरी हात काढून घ्यावा तशी. त्यांनी उजवीकडे दाबली. होडी उजवीकडे वळली. खडक मागे राहिले. पिवळा ठिपका मोठा झाला, मग दीपगृह, मग धक्क्याचे खांब. होडी लाकडाला टेकली आणि थांबली. पडद्यावर लख्ख ऊन पडलं.

शोभाताई पदराने कपाळ पुसत होत्या.

तलावाच्या बाजूने संध्याकाळचे दिवे लागायच्या सुमारास फोन वाजला. कोमलने घेतला आणि ती खालीच बसली. शोभाताई धावल्या. पण ती हसत होती, हुंदके देत हसत होती, आणि फोनमधून कृष्णाबाईंचा आवाज सगळ्या घराला ऐकू येत होता.

"आला गो! माजा पोर आला! धुक्यातनं अशी होडी आली नि धक्क्याला लागली. कुनी शोधाया गेला नाय, त्याचा तोच आला!"

धर्मराज खुर्चीत बसून राहिले. किती तरी वर्षांत ते मोठ्याने रडले नव्हते, ते रडले. शोभाताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सरळ आहे हो मुलगा. सरळच आहे."

दुसऱ्या दिवशी सगळी करंजाला गेली. अंगणात बोंबील वाळत होते, दारात माणसांची गर्दी होती, लग्नघर असावं तसा कालवा. कल्पेश खाटेवर बसला होता. ओठ फुटलेले, डोळे लाल, पण धडधाकट. कोमल त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा हात तिने काही केल्या सोडला नाही.

"इंजिन बंद पडलं, मामा," तो सांगत होता. "ओहोटीनं बाहेर नेली. नुसता दांडा धरून बसलो. काय कलतच नव्हतं. मधी झोप लागली असंल. मंग जागा झालो नि बत्ती दिसली. जिकडं जायचं तिकडं दांडा ढकलीत गेलो, नि आली होडी."

अंगावर घोंगडं घेऊन बसलेला प्रितेश खो खो हसला. "जिकडं जायचं तिकडं ढकललास, तर भलतीकडंच जाशील ना रं? बापानं काय शिकवलं तुला? धुक्यानं डोकं फिरलंय याचं!"

सगळे हसले. कल्पेशही हसला. मग त्याने आपल्या हातांकडे बघितलं.

"काय ठाव. आली खरी."

"पोराला तरास नका देव रं," कृष्णाबाई म्हणाल्या. "उलटा ढकला नाय तं सुलटा, माज्या दारात आला ना? व्याही, चा घ्या. नि जाताना जवला न्या. इहीनबाई नाक मुरडतील, पन न्या."

"मी कशाला नाक मुरडू?" शोभाताई म्हणाल्या. "दोन पिशव्या द्या."

परतताना गाडीत त्या सुक्या जवळ्याचा वास सुटला होता आणि कुणी खिडकी उघडायला सांगत नव्हतं. जासईपाशी धर्मराजांच्या मनात काहीतरी टोचून गेलं. पण मागच्या सीटवर कोमल आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायची तशी. त्यांनी ते टोचणं तिथेच रस्त्यावर सोडून दिलं.

कल्पेश बरा होऊन पनवेलला आला तो रविवार होता. खिडकीतून स्वच्छ ऊन आत येत होतं. स्वयंपाकघरात मायलेकी कशावरून तरी हसत होत्या. जावयासमोर काय बोलावं हा प्रश्न धर्मराजांना त्या दिवशी पडलाच नाही, कारण कल्पेशच बोलत होता. होडीचं इंजिन, बाळाचं नाव, दवाखाना, कशाकशाबद्दल. समुद्रातून येऊन माणूस मोकळा झाला, धर्मराजांना वाटलं. चांगलंच झालं.

त्यांनी टीव्ही लावला. कल्पेशची पाळी आधी, म्हणून त्यांनी आठवणीने ती चौकट उघडून "दिशा उलट"वर खूण केली आणि फडताळावरून त्याचा कंट्रोलर काढायला हात वर केला.

"राहू द्या. हा बघतो," कल्पेश म्हणाला. त्याने धर्मराजांचा उचलला होता, काड्या वरखाली असलेला. अंगठा पसरून त्याने तो काडीवर टेकवला. "हाच बरा, मामा. सांध्याला बरा पडतो."

होडी सुटली आणि थेट खडकावर गेली.

"अरे!" तो हसला. "हे उलटं कुणी करून ठेवलं?"

धर्मराज क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. तोच चेहरा. भुवईवर लहानपणी गळ लागल्याची तीच खूण. तेच हसणं.

"माझीच चूक," ते म्हणाले आणि त्यांनी खूण काढली.

होडी डौलात बेटांमधून निघाली. कल्पेश सुरेख खेळत होता. कोमल हात पुसत आली आणि त्याच्या खांद्याला टेकून उभी राहिली. तिच्या पोटात बाळाने लाथ मारली असावी, कारण तिने त्याचा हात ओढून तिथे ठेवला आणि दोघं एकदमच हसले. ते बघून धर्मराजांचा जीव थाऱ्यावर आला. ज्याच्यासाठी देवापाशी बसायचं ते सगळं या खोलीत होतं. माणूस बदलतो. मरणाच्या दारातून आलेला तर बदलणारच. यात काही विशेष नाही, हे कुठेतरी वाचलेलंही असणार.

फडताळ बंद करायला ते वळले.

जुना कंट्रोलर तिथेच होता. वायर त्यालाच गुंडाळलेली, कशालाही जोडलेली नाही. डावी काडी एका बाजूला कललेली होती. ते बघत असताना ती हळूच दुसरीकडे गेली.

त्यांनी मागे बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

त्यांनी अंगठा ठेवला. रबर ओलं होतं. आता कोमट नव्हतं.

काडी उजवीकडे झुकत होती. या वेळी धर्मराजांनी घाई केली नाही. त्यांनी ती डावीकडे ढकलली, तोंड उजवीकडे वळावं म्हणून ढकलतात तशी, कल्पेशसारखी. हात चुकला नाही.

खालचा जोर थांबला. ओळख पटावी तसा थांबला.

"मामा," मागून कल्पेशने मोठ्याने हाक मारली, "या, तुमची पाळी!"

आणि त्यांच्या अंगठ्याखाली काडी आत गेली. टक टक.